‘पण मूळचे कुठले?’

सीताबर्डीचा किल्ला एरवी फौजेच्या ताब्यात असतो. तुम्हा-आम्हाला आत जायला मिळतं ते २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी. एका २६ जानेवारीला मुलाला घेऊन मी त्या रांगेत उभी होते. रांग पार खालच्या रस्त्यापर्यंत आलेली, ऊन चढायला लागलेलं. पुढे एक गृहस्थ होते, खिशाला कागदी तिरंगा, सोबत बायको आणि दोन मुली. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच, “आप लोग घूमने आये हैं क्या?”

“नाही हो, इथलेच आम्ही. मानकापूरला राहतो.”

“अरे! मराठी चांगलं बोलता की तुम्ही.” मग जरा थांबून, “मूळचे कुठले?”

“कामठीचे.”

“हो, ते झालं. पण मूळचे कुठले?”

यावर मी जे केलं ते शाळेत असल्यापासून करत आले आहे. “माझे वडील गार्ड्समध्ये होते,” मी म्हटलं, “सुभेदार म्हणून रिटायर झाले.” गृहस्थांचा चेहराच पालटला. “मग आधी नाही का सांगायचं ताई! व्हा, तुम्ही पुढे व्हा.” मुलींना म्हणाले, “नमस्कार करा यांना.” आणि मी, सांगायला लाज वाटते, पुढे झालेही.

वर बुरुजावरून मी मुलाला रेल्वे स्टेशन दाखवत होते. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. “आई, त्यांनी तुला विचारलं होतं ना? तू आजोबांचं काय सांगितलंस?”

चौदा वर्षांच्या पोराला जे दिसलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही सोयीचं म्हणून मी तिकडे काणाडोळा केला होता. प्रश्न माझ्या चेहऱ्याबद्दल होता, बारीक डोळ्यांबद्दल आणि बसक्या नाकाबद्दल, आणि उत्तर मी बाबांच्या पदकांनी दिलं होतं. मिश्र वंशाच्या फौजी घरांची ही जुनीच खोड आहे. कुणी भुवया उंचावल्या की आम्ही ट्रंक उघडून दाखवतो. ही खोड आम्ही मोडली पाहिजे आणि लोकांनीही ती आम्हाला लावू नये, असं माझं मत आहे. घरातल्या कुणीतरी गोळी खाल्ली, किंवा खायची तयारी दाखवली, की तुम्ही देशाचे. नाहीतर चौकशी चालू राहील, हा हिशेबच मला मान्य नाही.

गैरसमज नको. ‘गाव कोणतं तुमचं?’ या प्रश्नाशी माझं काही भांडण नाही. विदर्भात तो न विचारणं हाच आगाऊपणा. एसटीत शेजारी बसलेली बाई तिकीट काढायच्या आधी गाव विचारते, आणि काटोल म्हटलं की “काटोलात कोनाचे?” इथपासून सुरुवात होऊन सावनेर येईपर्यंत तुमची एखादी आतेबहीण तिच्या जाऊबाईच्या माहेरची निघते. हा प्रश्न धागा जुळवायला विचारलेला असतो. माझं म्हणणं दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. उत्तर मिळालेलं असतं आणि ते पसंत पडलेलं नसतं, म्हणून पुन्हा विचारतात. पहिल्या प्रश्नाला गाव हवं असतं. दुसऱ्याला कबुलीजबाब हवा असतो.

आता कबुलीजबाब देते. बाबा काटोलकडच्या एका संत्र्याच्या गावचे, दोन भाऊ शेतीत राहिले, तिसरा भरती झाला. त्यांच्या पलटणीत शिलाँगचा एक गोरखा पोरगा होता. त्याच्या घरी सुटीत गेले आणि त्याच्या बहिणीशी लग्न ठरवून आले. ती माझी आई. आईचे वडील, आम्ही त्यांना बाजे म्हणायचो, नेपाळातल्या स्यांग्जाचे, गोरखा पलटणीतून निवृत्त होऊन शिलाँगला राहिलेले. आईची आई खासी. म्हणजे एका घरात दोन फौजी, तीन भाषा आणि स्वयंपाकघरात वऱ्हाडी रस्श्याशेजारी गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची, बरणी. त्या वासावरून आजूबाजूच्या बायकांनी काढलेले तर्क हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

गंमत पुढेच आहे. ‘मूळचे कुठले’ याचं खरं उत्तर कुणाच्या वहीत पाहावं यावर अवलंबून असतं. काटोलच्या वहीत मी बाबांच्या कुळाची, तिथे आईचं माहेर मोजायची पद्धतच नाही. बाजेंच्या वहीतही थर, म्हणजे कुळ, बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून तिथे माझी नोंद होणार नाही. आजीच्या वहीत मात्र सगळं उलटं. खासी लोकांत कुळ आईकडून चालतं, त्याला ते ‘कुर’ म्हणतात, आणि घर सांभाळायची जबाबदारी धाकट्या मुलीकडे जाते. आजीची मुलगी माझी आई, आईची मुलगी मी. मधे कोण पुरुष आले, काटोलचे की स्यांग्जाचे, याने आजीला फरक पडत नसे. तिच्या हिशेबाने मी मिश्र नव्हतेच. मी सरळसोट खासी होते. लहानपणी सुटीत ती मला हे सांगायची आणि मी कामठीला परत येऊन पी.टी.च्या तासाला ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की’ म्हटल्यावर ‘जय’ म्हणायचे. दोन्हींत मला कधी अडचण वाटली नाही.

खासी पद्धतीला डोक्यावर घेऊन नाचायचंही कारण नाही. तिथेही आता पहारे बसू लागले आहेत. २०१८ मध्ये खासी हिल्स स्वायत्त जिल्हा परिषदेने एक विधेयक संमत केलं. बाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या खासी बाईला आणि तिच्या मुलांना खासी मानू नये, असा त्याचा रोख होता. आजी असती तर तिने तिथल्या सभासदांना काय सुनावलं असतं ते मला ठाऊक आहे, छापण्यासारखं नाही.

मुद्दा असा की ‘शुद्ध’ आणि ‘मिश्र’ ही रक्ताची वर्णनं नव्हेत, कारकुनीची आहेत. आपल्याकडे जात पडताळणीसाठी वंशावळ जोडावी लागते. ती ज्यांनी कधी काढली असेल त्यांनी आठवून पाहावं: खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, वडील, काका. या सगळ्या पुरुषांना जन्म देणाऱ्या बायका त्या कागदावर कुठे असतात? प्रत्येक ‘शुद्ध’ घराणं शुद्ध दिसतं, कारण दर पिढीत बाहेरून आलेल्या बाईचं मूळ खोडून टाकलेलं असतं. घटनेतही हे आलं. ३६६व्या अनुच्छेदात अँग्लो-इंडियन कोण याची व्याख्या आहे, आणि ती पितृवंशावर बेतलेली आहे: वडील किंवा वडिलांकडचा एखादा पूर्वपुरुष युरोपीय हवा. आजी युरोपीय असेल तर व्याख्येत बसत नाही. सदरला आमच्या शाळेजवळ राहणाऱ्या एका वृद्ध मिस मला म्हणायच्या, “माय डियर, तू आणि मी सारख्याच. तुझी आई मोजत नाहीत, माझी आजी मोजत नाहीत.” त्यांचा भाऊ हवाई दलात होता. अर्थात त्यांनाही ते दर पाच मिनिटांनी सांगावं लागे.

मिश्र माणसाकडे संशयाने पाहणं काही आजचं नाही आणि फक्त गोऱ्यांचंही नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये हिंदी आई किंवा बापाच्या पोटी जन्मलेल्यांना आपल्या मुलकी आणि लष्करी नोकऱ्यांची दारं बंद केली. १७९५ मध्ये आणखी आवळून सांगितलं, की आई आणि बाप दोन्हीकडून युरोपीय नसलेल्याने फौजेत यायचं तर बासरीवाला, ढोलवाला, बँडवाला किंवा नालबंद म्हणून यावं. बाप त्यांचाच, बँड मुलाने वाजवायचा. याच काळात जेम्स स्किनर नावाचा एक तरुण, बाप स्कॉटिश, आई राजपूत, शिंद्यांच्या कवायती फौजेत लढत होता. १८०३ मध्ये इंग्रजांशी लढाई तोंडावर आली तेव्हा शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकलं, त्यात स्किनरही गेला. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याविरुद्ध लढायची त्याची इच्छा नव्हती असं म्हणतात, पण त्याला कोण विचारतो? कंपनीला तो पुरेसा गोरा नव्हता, मराठ्यांकडच्या सेनापतीला तो फार गोरा होता. पुढे त्याने कंपनीसाठी उभं केलेलं घोडदळ मात्र टिकलं. स्किनर्स हॉर्स आजही भारतीय सैन्यात आहे, घोड्यांऐवजी रणगाडे घेऊन.

मिश्रांना बाहेर ठेवणाऱ्या याच सरकारने पुढे ‘शुद्धां’मध्येही उतरंड लावली. सत्तावन्ननंतर लढाऊ जमाती आणि बिगरलढाऊ जमाती अशी वाटणी झाली. शिख, गोरखा, पठाण वर, बाकीचे खाली. नागपूरच्या माणसाला याचा सगळ्यात जवळचा दाखला माहीत असतो. सीताबर्डीच्या लढाईनंतर पाच आठवड्यांनी कोरेगावला लढलेल्या पलटणीत महार शिपाई होते, त्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्याच समाजाची भरती शतक संपायच्या आत बंद झाली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः पेन्शनर शिपाई होते, ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावं लागलं. मधल्या काळात त्या लोकांच्या रक्तात काय बिघाड झाला होता आणि ४१ साली तो कसा दुरुस्त झाला? रक्ताला काहीच झालं नव्हतं. सरकारची गरज बदलली होती.

आणि ज्या किल्ल्याच्या रांगेत मला मूळ विचारलं गेलं, त्याच टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला कोण कुणाशी लढलं ते तरी पाहा. आप्पासाहेब भोसल्यांकडून सगळ्यात चिवट लढले ते अरब. कंपनीकडून लढलेले बहुतेक शिपाई मद्रास आणि बंगालकडच्या पलटणींतले हिंदुस्थानी. पुढे १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली, मद्रासी पलटणी तिथे वर्षानुवर्षं राहिल्या आणि त्यांच्यामागून आलेली तेलुगू आणि तमिळ घरं कायमची कामठीची झाली. माझ्या वर्गात दोन मुदलियार होते, दोघेही माझ्यापेक्षा ठसकेबाज वऱ्हाडी बोलायचे. हे शहर वसवणारा बख्त बुलंद शहा गोंड राजा होता आणि मुसलमान झालेला होता. भोसले साताऱ्याकडून आलेले. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, मग मुंबई राज्यात गेलं, ६० साली महाराष्ट्रात. घरातून न हलता आपल्या आजोबांनी तीन राज्यं पाहिली. अशा शहरात ‘मूळचे’ हा शब्द ज्याला छातीठोकपणे वापरता येतो त्याचं मला कौतुक वाटतं.

आता फौजेकडे येते, कारण माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जोराचा आक्षेप तिथूनच येईल. फौजेतच तर वंशाचा अभिमान चालतो, मराठा, शीख, डोगरा, गोरखा अशा पलटणी आहेत आणि त्या उत्तम लढतात, मग वंशाला नावं का ठेवता?

बाबांनी या प्रश्नाचं उत्तर मला एकदा जेवताना दिलं होतं, त्यांना ते उत्तर आहे हे माहीत नसताना. ते ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे. ही पलटण तेव्हाचे लष्करप्रमुख करिअप्पा यांनी १९४९ मध्ये उभी केली ती मुद्दाम सगळ्या प्रांतांची आणि जातींची सरमिसळ करून. पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स, राजपूत अशा जुन्या, नावाजलेल्या रेजिमेंटांच्या बटालियनी घेऊन हिची सुरुवात झाली. तिचं सेंटर आता कामठीत आहे, ‘पहला हमेशा पहला’ हे तिचं बोधवाक्य. बाबा म्हणाले, “आमच्या कंपनीत सतरा प्रकारचे लोक. पहिले दोन महिने सगळ्यांची एकच तक्रार असे, लंगरचं जेवण. तिसऱ्या महिन्यात सगळे मिळून दुसऱ्या कंपनीच्या लंगरला नावं ठेवायचे.” बस. त्यांच्या मते पलटण तयार होते ती इथे.

जातवार पलटणींतही खरं तर हेच घडतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत केरळचा अधिकारी येतो आणि चार महिन्यांत बेंबीच्या देठापासून शिवाजी महाराजांचा जयघोष करतो. सॅम माणेकशा पारशी, अमृतसरला जन्मलेले, आणि ‘सॅम बहादूर’ झाले ते गोरख्यांमुळे. कारगिलमध्ये परमवीर चक्र मिळवणारे कॅप्टन मनोज पांडे उत्तर प्रदेशातले, पलटण अकरावी गोरखा. म्हणजे ज्याला आपण वंशाची आरोळी समजतो तीही शिकवावी आणि शिकावी लागते. भाषा, सण, जेवणाचा वास यांमुळे माणसं लवकर जवळ येतात हे मी मानते. नाकारते ते एवढंच, की ते जन्मतःच रक्तात उतरलेलं असतं.

कागदांचं म्हणाल तर तिथे अजून जुनीच रीत आहे. २०२२ मध्ये अग्निवीर भरतीच्या वेळी जात आणि धर्माचे दाखले कशाला, म्हणून गदारोळ झाला आणि सरकारने सांगितलं, की हे पहिल्यापासून आहे. खरंच आहे. माझा भाऊ भरतीला गेला होता तेव्हा त्यालाही तो रकाना भरावा लागला. त्याने बाबांचं लिहिलं. दुसरं लिहायला जागाच नव्हती. छातीत अर्धा इंच कमी पडला म्हणून तो परत आला आणि आज ट्रान्सपोर्टमध्ये आहे. तो बाबांपेक्षा कमी भारतीय आहे का? हा प्रश्न हास्यास्पद वाटत असेल तर रांगेतला तो प्रसंग पुन्हा पाहा. बाबा संत्री विकत राहिले असते तर मी त्या गृहस्थांना काय सांगितलं असतं?

दर १६ डिसेंबरला एक मेसेज फिरतो, तुम्हालाही येत असेल. ७१ च्या युद्धात सरसेनापती पारशी, पूर्व विभागाचे प्रमुख अरोरा शीख, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ जेकब ज्यू, बगदादहून कलकत्त्याला आलेल्या घराण्यातले. पाहा, हा आपला भारत! माहिती खरी आहे. मीही पूर्वी तो पुढे ढकलायची आणि त्यात गार्ड्सच्या अल्बर्ट एक्कांचं नाव भर घालायची. आदिवासी, ख्रिश्चन, गंगासागरच्या लढाईत ३ डिसेंबरला पडले, परमवीर चक्र. हल्ली मी तो मेसेज पाठवत नाही. बहुसंख्य समाजातल्या जनरलांची अशी जातवार यादी कुणी करत नाही, हे एकदा लक्षात आलं की त्या कौतुकातला सूर ऐकू येऊ लागतो. एक्का खंदकावर चालून गेले ते आपल्या समाजाचं घरभाडं भरायला गेले नव्हते. शत्रूची मशीनगन त्यांच्या कंपनीची माणसं मारत होती, ती बंद करायला गेले होते. त्यांच्या मरणाचा वापर ‘आदिवासीसुद्धा, ख्रिश्चनसुद्धा’ असा करताना त्या ‘सुद्धा’ची आपल्याला शरम वाटली पाहिजे.

शिवाय हे नाणं सगळीकडे चालतंच असंही नाही. बाबा भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, जाफन्याकडे. त्यांच्या सेक्शनमध्ये मदुराईचा एक नायक होता. गावात शिरले की बायाबापड्यांशी बोलायला त्यालाच पुढे करत. एका म्हातारीने त्याला विचारलं, “तू तर आमचाच. मग यांच्यात काय करतोस?” तो काही बोलला नाही. रात्री बाबांना म्हणाला, ती बाई माझ्या आत्यासारखी दिसत होती. मार्च १९९० मध्ये शेवटचे जवान मद्रासला उतरले तेव्हा त्याच्याच राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी स्वागताला जायचं टाळलं. तिकडे तो परका ठरला गणवेशामुळे, इकडे गणवेश असूनही कुणी आलं नाही. त्या नायकाने आपलं मूळ कुठल्या काउंटरवर सिद्ध करायचं?

आणि बाजे? बाजेंची गोष्ट तर देशाभिमानाच्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. १९४७ मध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात करार झाला, दहापैकी सहा गोरखा रेजिमेंट भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. अकरावी आपण नंतर उभी केली. बाजे नेपाळी नागरिक राहूनच भारतासाठी लढले. त्यांच्या पेटीत खालच्या कप्प्यात नेपाळची नागरिकता आणि वरच्या कप्प्यात भारताचं पेन्शन बुक असे. दोन्हींना एकच रबर. कुठला देश तुमचा, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा त्यांनी पलटणीचा नंबर सांगितला. २०२२ पासून नेपाळमधून ही भरती थांबली आहे. ती पुन्हा सुरू होवो न होवो, पण दोनशे वर्षांच्या त्या नात्याने एवढं तर दाखवलं, की निष्ठा आणि नागरिकत्व ही एकाच माणसात वेगवेगळ्या कप्प्यांत राहू शकतात आणि त्याने आभाळ कोसळत नाही.

तिबेट्यांचं उदाहरण आणखी बोचणारं आहे. हिवाळ्यात नागपुरात त्यांच्याकडून स्वेटर घेताना आपण भाव करतो. त्यांची एक वसाहत आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे, १९७२ पासून. १९६२ मध्ये उभारलेल्या स्पेशल फ्रंटियर फोर्समध्ये तिबेटी तरुण लढत आले; ७१ मध्ये चितगावच्या डोंगरांत लढले, मेले, आणि काम गुप्त म्हणून त्याचा गाजावाजा झाला नाही. २०२० मध्ये लडाखला त्यांच्यातला एक जण जुन्या सुरुंगावर गेला तेव्हा त्याच्या शवपेटीवर दोन झेंडे होते. रक्त सांडणं हीच जर देशाचं होण्याची किंमत असेल तर या लोकांनी ती केव्हाच भरली आहे, आणि तरी ते पाहुणेच आहेत. म्हणजे ती किंमत खरी नव्हती. आपण नुसतंच सांगत होतो.

कायद्याचा एक कोपरा जाताजाता सांगते. १ जुलै १९८७ पर्यंत भारतात जन्मलं की माणूस भारतीय, इतकं सोपं होतं. त्यानंतर आईबापांपैकी एक जण नागरिक हवा असं झालं, आणि डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. मातीकडून रक्ताकडे सरकणं आपण असं हळूहळू केलं. त्यामागे घुसखोरीची खरी चिंता होती हे मी नाकारत नाही. पण कायदा सरकला की रांगेतल्या माणसाचा प्रश्नही सरकतो.

मग फौजी घराने अभिमान बाळगूच नये का? बाळगावा की. मला बाबांचा भरपूर अभिमान आहे, फक्त तो कशाचा आहे ते मी आता नीट पाहू लागले आहे. निवृत्तीनंतर त्यांनी नऊ वर्षं एका बँकेच्या दारात सिक्युरिटीची नोकरी केली. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट आणि पेन्शनच्या दिवशी आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा फॉर्म भरून देणं. ‘बॉर्डरवर जाऊन दाखवा’ असं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते वाक्य मी नेहमी बॉर्डरवर न गेलेल्यांकडूनच ऐकलं आहे. त्यांची काळी ट्रंक अजून घरात आहे. पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर तोच, पण हुद्दा खरडून पुन्हा पुन्हा लिहिलेला. उजेडात तिरकं धरून पाहिलं तर ‘सुभेदार’च्या खाली ‘हवालदार’ आणि त्याच्या खाली ‘गार्ड्समन’ची अक्षरं अजून दिसतात. वाढत गेलेलं तेवढंच, आणि तेवढं त्यांनी स्वतः केलेलं. मला त्यात वाटा मागायचा नाही. माझ्या रांगेत पुढे जायला तर नाहीच.

आणि खरी गोष्ट ही, की माझी तरी सोय आहे. धरमपेठेत मोमो विकणारी दार्जिलिंगची मुलगी आहे, सलॉनमध्ये काम करणारी मिझोरमची पोरं आहेत. २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलचा एक विद्यार्थी केसांवरून चिडवण्यातून झालेल्या मारहाणीनंतर मेला, बेझबरुआ समिती नेमली गेली, शिफारशी आल्या. २०२० च्या मार्चमध्ये अशाच चेहऱ्यांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या जात होत्या आणि केंद्राला राज्यांना पत्र लिहून समज द्यावी लागली. त्या मोमोवालीचे वडील चहाच्या मळ्यात असतील. तिने दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाला काय सांगायचं? मी बाबांचं नाव पुढे करते तेव्हा मी माझी सुटका करून घेते आणि तिच्यासाठी बार आणखी उंच करून ठेवते: ‘हिच्या घरातून एक सुभेदार निघाला, तुझ्या घरातून कोण?’

आईने हे आयुष्यभर कधीच केलं नाही, हे मला किल्ल्यावरून आल्यावर आठवत राहिलं. दोन आठवड्यांनी कामठीला गेले तेव्हा तिच्याबरोबर बाजारात होते. नवीन भाजीवाला होता, तिच्याकडे टकामका पाहत होता.

“कुठल्या हो मावशी तुम्ही?”

“कामठीची. सांबार कसा दिला?”

“दहाची जुडी. नाही, पन मूळच्या?”

आईने कोथिंबिरीची जुडी उचलली, उलटी करून झटकली. पाणी त्याच्या तराजूवर उडालं.

“एवढा भिजवून आणला काहून बाप्पा? दहाच्या दोन दे.”